गिळीपाळ्याची अडुसष्ट माणसं

शिवलीला मगदूमची बदली गिळीपाळ्याच्या आरोग्य केंद्रात झाली. आधीच्या नर्सबाईंनी तिला कपाट दाखवलं, रजिस्टरं दाखवली आणि जाता जाता दारातून वळून सांगितलं, "बाळंतपणं आणि लसीकरण नीट सांभाळा, तेवढं पुरे. त्या वस्तीच्या बीपी-शुगरच्या नादाला लागू नका. ती माणसं हाताला लागत नाहीत."

"कुठली वस्ती?"

"हक्कीपिक्की." बाईंनी जंगलाच्या दिशेनं हात उडवला आणि बस गाठायला निघून गेल्या.

बंगळूरच्या दक्षिणेला शहराच्या नव्या वसाहतींचे लेआउट संपता संपत नाहीत आणि बन्नेरघट्ट्याचं जंगल सुरू होता होत नाही. त्या सांध्यावर ही वस्ती होती. दीडेकशे घरं, मागे हत्तींना अडवायला खणलेला चर, पुढे निलगिरीची रांग. कन्नडमध्ये हक्की म्हणजे पाखरू. पाखरं धरून विकणं हा या जमातीचा पिढीजात धंदा. त्यावर बंदी आली तेव्हा त्यांनी तेल धरलं. केसांचं तेल, सांध्यांचं तेल. पेट्या घेऊन ही माणसं जत्रा-उरूस करत केरळपासून नागपूरपर्यंत हिंडायची, आणि हल्ली तर विमानानं आफ्रिकेतही जाऊन यायची. घरी असायची ती वर्षातले चार-पाच महिने.

शिवलीलानं रजिस्टर उघडलं. रक्तदाबाचे अडुसष्ट रुग्ण नोंदलेले, काहींना साखरही. त्यातल्या एकोणसाठ नावांपुढे लाल शाईत एकच शेरा, वरपासून खालपर्यंत, जणू शिक्काच मारावा तसा: 'सहकार्य करत नाहीत.'

सोळा वर्षं नर्सचं काम केलेली बाई ती. चिकोडीकडच्या सदलग्याची, घरात मराठी आणि शाळेत कन्नड शिकलेली, स्वभावानं जरा हट्टी. तो लाल शेरा काही तिच्या गळी उतरला नाही. एकोणसाठ माणसं एकाच वेळी अडेलतट्टू कशी होतील? एखाददुसरा असतो तसा. एकोणसाठ असतील, तर खोट माणसांत नाही, दुसरीकडेच कुठंतरी असणार.

दुसऱ्या दिवशी ती मशीन घेऊन वस्तीत गेली. बायका ओट्यांवर बसून मणी ओवत होत्या. तिला बघून कोणी उठलं नाही, कोणी बस म्हटलं नाही. तिनं कन्नडमध्ये विचारलं, बीपी तपासायचं का? उत्तर आलं, "बेडा." नको. पुढच्या ओट्यावरही नको. तिसऱ्या ओट्यावर दोघी आपसात त्यांच्या भाषेत काही बोलल्या, आणि शिवलीला चालता चालता थबकली.

एक म्हातारी डोक्याला हात लावून म्हणत होती, "माथू दुखे..." आणि पुढं डोळ्यांबद्दल, अंधाराबद्दल काहीतरी.

शिवलीला वळली आणि विचार न करता आपल्या घरच्या मराठीत बोलून गेली, "माथं दुखतंय? कधीपासनं?"

सगळे मणी जागच्या जागी थांबले.

"तुला आमची भाषा येते?" म्हातारीनं विचारलं, आणि हेही शिवलीलाला निम्मं-अर्धं कळलं. या लोकांची भाषा गुजरातीच्या नात्यातली, म्हणजे मराठीची मावसबहीणच. कन्नड मुलुखात पिढ्यान्‌पिढ्या राहूनही त्यांनी ती घरात जपली होती. शिवलीलाच्या घरच्यांनी मराठी जपली होती, तशीच.

"येत नाही. पण ऐकू येते," ती म्हणाली.

यावर बायका हसल्या. एक मात्र हसली नाही. पन्नाशीची, उंच, कपाळावर गोंदण असलेली बाई. ती सावकाश उठली, शिवलीलाच्या दंडाला धरून तिला आपल्या घरात घेऊन गेली आणि खाटेकडं बोट दाखवून म्हणाली, "याला तपास. आता तपास."

खाटेवर एक धिप्पाड माणूस आडवा होता. त्याचा डावा हात पोटावर पडलेला, तोंड एका बाजूला ओढलेलं. त्याचं नाव हायकोर्ट. बंगळुरातली ती लाल इमारत त्याच्या बापानं पहिल्यांदा बघितली, त्याच साली हा जन्मला, म्हणून. या जमातीत अशी नावं नवलाची नव्हती, आणि हा माणूस नावाला जागला होता. वस्तीतले तंटे तोच सोडवायचा. ती बाई म्हणजे त्याची बायको अंबुबाई.

"दीड वर्षापूर्वी आम्ही केरळात जायला निघालो," अंबुबाई सांगू लागली. अर्धं कन्नडमध्ये, अर्धं तिच्या भाषेत. "मी तुझ्या दवाखान्यात आले. म्हटलं, चार महिन्यांच्या गोळ्या द्या. म्हणाले, महिन्याच्याच मिळतात, पुढच्या महिन्यात परत या. म्हटलं, पुढच्या महिन्यात माणूस केरळात असेल. तर म्हणाले, मग माणूस आण, तेव्हा गोळ्या देऊ. गोळ्या संपल्या. तिसऱ्या महिन्यात हा भर जत्रेत पेटीवर कोसळला." ती थांबली. "आणि तुमच्या वहीत काय लिहिलंय गं? मला वाचता येत नाही, पण लाल रंग कळतो."

शिवलीलानं पिशवीतून मशीन काढलं. तिनं खाटेशेजारी बसून हायकोर्टचा दाब मोजला. एकशे अठ्ठ्याऐंशी, एकशे दहा. लकवा मारूनही माणूस गोळीविना होता. त्याला दर महिन्याला केंद्रात आणणार कोण?

"अक्का, वहीत खोटं लिहिलंय," ती शेवटी म्हणाली. "ते मी खोडणार. पण त्यासाठी तू माझ्याबरोबर पाहिजेस."

"बघू," अंबुबाई म्हणाली. पण निघताना तिनं शिवलीलाला पाणी दिलं.

बंगळुरातल्या जे. पी. नगरच्या घरी रविवारी सकाळी शिवलीला अवरेकाळूच्या, म्हणजे पावट्याच्या शेंगा सोलत बसली होती आणि शेंगांपेक्षा तोंडच जास्त चाललं होतं. नवरा महांतेश समोर बसून ऐकत होता. तो बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात दाबमापकं तपासायच्या विभागात होता. मोजमापात तसूभर फरक पडला तर त्याला चैन पडायचं नाही.

"म्हणजे बघा, आपण त्यांना सांगतोय की दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी इथं या. आणि त्यांचं पोट सांगतंय, सहा महिने इथं थांबू नका. कोणाचं ऐकतील ती?"

"पोटाचं," महांतेश म्हणाला. "मग गोळ्याच त्यांच्याबरोबर पाठवा की."

"नुसत्या गोळ्या पाठवून चालत नाही हो. दाब वाढला, कमी झाला, कळणार कसं? मोजायला कोण जाणार केरळात?"

"त्यांनीच मोजायचं. बटण दाबायचं, आकडा वाचायचा. माणूस फोन वापरतो तर हे का नाही वापरणार?"

"मशीन कुठंय तेवढी? कपाटात नऊ पडलीत, नऊच्या नऊ बंद."

महांतेशनं हातातली शेंग खाली ठेवली. "बंद म्हणजे काय झालंय त्यांना?" त्याच्या डोळ्यांत अशी चमक आली, की शिवलीलाला हसूच फुटलं. आजारी माणूस बघून तिच्या डोळ्यांत येत असेल, तशीच.

पण आधी परवानगी हवी होती. मुख्य आरोग्य केंद्राच्या डॉक्टर श्यामला वयानं लहान, कामानं पिचलेल्या, पण ऐकून घेणाऱ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "डॉक्टरनं जबाबदारी घेतली तर जास्त दिवसांच्या गोळ्या देता येतात. तसा नियम आहे. पण उद्या बाहेरगावी कोणाचा दाब एकदम घसरला, साखर कोसळली, तर सही माझी असेल, सिस्टर."

"म्हणून दर बुधवारी अकरा वाजता आकडा तुमच्या-माझ्या फोनवर येईल, मॅडम. आकडा आला नाही, तर मी फोन करीन. दोन बुधवार आला नाही, तर पुढच्या गोळ्या बंद."

"आणि आकडे पाठवणार कोण?"

"अंबुबाई म्हणून एक आहे."

अंबुबाईनं अजून होकार दिला नव्हता. हे शिवलीलानं सांगितलं नाही. डॉक्टर श्यामलांनी सही केली, बंद मशीन दुरुस्तीला न्यायचा कागदही दिला.

महांतेशनं वरिष्ठांना विचारून जेवणाच्या सुट्टीत एकेक मशीन उघडलं. कुठं नळी चिरलेली, कुठं पट्ट्याला भोक. नऊंतली सहा जिवंत झाली. प्रत्येक मशीन त्यानं कारखान्यातल्या प्रमाण मापकाशी ताडून बघितलं आणि मागं चिठ्ठी चिकटवली: 'तपासले. बिनचूक.'

ती सहा मशीनं घेऊन शिवलीला वस्तीत गेली आणि वडाच्या पारावर बायका-पुरुषांना जमवून तिनं रक्तदाबावर चांगलं अर्धा तास भाषण केलं. हृदय, रक्तवाहिन्या, मीठ, सगळं आलं त्यात. माणसं जांभया देत होती. दोघं-तिघं उठूनही गेली. अंबुबाई मागं उभी राहून बघत होती. शेवटी तिला राहवेना.

"तुला विकता येत नाही," ती शिवलीलाला म्हणाली. "सर बाजूला."

आणि अंबुबाई पारावर चढली. तीस वर्षं जत्रेत तेल विकलेली बाई ती. तिनं आवाज लावताच गेलेली माणसं परत आली.

"या, बसा! दुखतंय का काही? नाही? मग तर नीट ऐका. दुखणारा रोग भला, तो दारावर थाप मारून येतो. हा थाप मारत नाही. हा गुपचूप घरात शिरतो, तुमच्या ताटात जेवतो, तुमच्या खाटेवर झोपतो, आणि एक दिवस जातो तो तुमचा डावा हात घेऊन जातो. खोटं वाटतं? माझ्या घरी या, कोणाचा नेलाय ते बघा." जांभया थांबल्या. "आपण गिऱ्हाइकाला काय सांगतो? एक दिवस तेल लावून केस वाढत नाहीत. रोज लाव. तीन महिने लाव. मग गोळी एक दिवस खाऊन 'बरं वाटलं, सोडली' म्हणणारा कोण गं तो शहाणा? आपलंच सांगणं आपल्याला कळत नाही होय?"

लोक खदखदून हसले, आणि त्याच दिवशी सत्तावीस जणांनी हात पुढं केला.

घरी परतताना अंबुबाई शिवलीलाला म्हणाली, "एक ठरवू. मी तुझ्या गोळीला नावं ठेवणार नाही, तू माझ्या तेलाला ठेवायची नाहीस."

"सरी अक्का, ठरलं. तेल डोक्याला, गोळी पोटात. भांडायचं कशाला?"

मग कामानं वेग घेतला. अंबुबाईला अक्षर येत नव्हतं, पण आकडे पक्के येत होते. बाजारात उभी राहिलेली बाई ती. वरचा आकडा एकशे चाळिसाच्या घरात आला की सावध, एकशे ऐंशीच्या घरात गेला की धाव, हे तिनं एका बैठकीत डोक्यात बसवलं आणि हिंडायला जाणाऱ्या प्रत्येक टोळीतल्या एकाला शिकवलं. गोळ्या कुठं ठेवायच्या यावरून मात्र दोघींची जुंपली. शिवलीला म्हणायची, कपड्यांच्या पिशवीत. अंबुबाई म्हणाली, "कपड्यांची पिशवी आम्ही तीनदा विसरलोय. तेलाची पेटी आजवर कोणी विसरलाय का?" गोळ्या पेटीत गेल्या. शिवलीलानं प्रत्येकाला एक पिवळं कार्ड करून दिलं. त्यावर आजार, गोळी, शेवटचा आकडा इंग्रजीत, म्हणजे कुठल्याही राज्यातल्या डॉक्टरला वाचता यावं.

हायकोर्टला त्या दोघी मिळून रोज हात हलवायला लावायच्या. तो चिडायचा, तोंडातल्या तोंडात शिव्या द्यायचा. चौथ्या महिन्यात तो काठी धरून ओट्यापर्यंत आला आणि जी माणसं गोळी चुकवायची त्यांना समोर उभं करून विचारू लागला, "का?" एवढा एकच शब्द त्याला स्पष्ट बोलता यायचा, आणि तो पुरेसा होता.

सगळं सुरळीत चाललं होतं असं नाही. पहिले काही बुधवार निम्मे आकडे यायचे. एका टोळीनं मशीन पावसात भिजवलं. दोघांनी गोळ्या नातेवाइकांना वाटून टाकल्या, कारण 'त्यांनाही तसंच होतं.' शिवलीला चिडली, अंबुबाई तिच्याहून जास्त चिडली, आणि हळूहळू घडी बसली.

मग तो बुधवार आला. शिवलीला अंगणवाडीत लसीकरणात होती, समोर रडणाऱ्या पोरांची रांग. अकरा वाजून दहा मिनिटांनी अंबुबाईचा फोन आला. ती तेव्हा कोचीजवळ एका चर्चच्या जत्रेत टोळी घेऊन गेली होती.

"आमच्या टोळीतल्या यल्लव्वाचं मोजलं. वरचं दोनशे चार, खालचं एकशे अठरा."

शिवलीलानं हातातली सिरिंज ट्रेमध्ये ठेवली. "परत मोजलं?"

"दोनदा मोजलं. दुसऱ्यांदा दोनशे सहा. डोळ्यापुढं धूर दिसतोय म्हणते."

"अक्का, आत्ताच्या आत्ता सरकारी दवाखान्यात न्या."

"ती म्हणते, माल संपवून संध्याकाळी जाऊ. आज मोठी गर्दी आहे."

"पेट्या तिथंच टाका आणि निघा. कार्ड घ्या बरोबर."

फोनमधून जत्रेतला बँड ऐकू येत होता. त्या आवाजातच अंबुबाई बोलली, शिवलीलाशी नाही, यल्लव्वाशी: "उठ. माझा नवरा असाच संध्याकाळची वाट बघत होता. उठ म्हणते ना!"

दुपारी दोनपर्यंत शिवलीलानं फोन टेबलावर समोर ठेवूनच पोरांची रांग संपवली. मग फोन आला. तिथल्या डॉक्टरांनी पिवळं कार्ड वाचलं, कुठली गोळी, किती दिवस, सगळं एका नजरेत कळलं, आणि यल्लव्वाला लगेच आत घेतलं. दोन दिवसांनी ती आपल्या पायांनी बाहेर आली, नवी गोळी घेऊन. तिथले डॉक्टर अंबुबाईला म्हणाले होते, "उद्यावर टाकलं असतं, तर हिला उचलून आणावं लागलं असतं."

ही बातमी शिवलीलाच्या आधी वस्तीत पोचली होती. पुढच्या आठवड्यात, जे नऊ-दहा जण अजून लांब उभे होते, ते आपणहून ओट्यावर येऊन बसले. बाह्या वर करून.

वर्ष सरून वर दोन महिने झाले आणि तालुक्याच्या आढावा बैठकीत पडद्यावर आकडे लागले. सगळ्या केंद्रांचे. कुठं पस्तीस टक्के रुग्णांचा दाब ताब्यात, कुठं चाळीस. आणि गिळीपाळ्याच्या हक्कीपिक्की वस्तीपुढं बहात्तर. अडुसष्टपैकी एकोणपन्नास.

तालुका आरोग्य अधिकारी डॉक्टर हयवदन यांनी चष्मा काढून पुसला. शिस्तीचा माणूस, खोट्या आकड्यांशी हाडवैर.

"सिस्टर, ही माणसं वर्षातले सात महिने वस्तीत नसतात."

"नसतात, सर."

"मग हे आकडे कुठून आले?"

"ती जिथं असतात तिथून, सर."

मागं कोणीतरी हसलं. हयवदन हसले नाहीत. "सतरा वर्षं मी अशी रजिस्टरं बघतोय. घरी बसून भरलेली वही मला वासानं कळते."

शिवलीलाचे कान तापले. सगळं सांगावंसं वाटलं, कोची, यल्लव्वा, ओट्यावरचा हायकोर्ट. पण बोलून पटण्यातला हा माणूस नव्हता. ती उभी राहिली. "सर, तुम्ही या. कधीही या. मला आधी सांगू नका."

"नाहीच सांगणार," ते म्हणाले.

आणि खरंच सांगितलं नाही. पुढच्या शुक्रवारी शिवलीला दोन गावं पलीकडे गरोदर बायकांच्या तपासणीत होती. तिथं फोन आला, साहेबांची गाडी वस्तीत गेलीय. ती स्कूटरवर निघाली खरी, पण खाणीच्या रस्त्यावर ट्रक आडवा लागला होता. वीस मिनिटं ती धुळीत उभी राहिली. ती पारापाशी पोचली, तेव्हा तपासणी निम्मी झाली होती. तिला पुढं जायचं होतं, पण गर्दीच्या कडेलाच ती थांबली. आपण मध्ये गेलो, तर उद्या म्हणतील, बाईनं खुणा केल्या.

हयवदनांनी रजिस्टरमधून स्वतःच्या मनानं पंधरा नावं काढली होती आणि स्वतःचं मशीन आणलं होतं. हायकोर्ट पहिला बसला होता. एकशे अठ्ठावीस, ब्याऐंशी. वहीत गेल्या बुधवारचा आकडा एकशे तीस. साहेबांनी वहीत खूण केली. पुढचा. मग त्यापुढची. आकडे वहीशी जुळत गेले.

सातवी बाई बसली, तशी अंबुबाई पट्टा बांधायच्या आधीच म्हणाली, "हिचं आज जास्त निघेल, साहेब. भावाच्या घरी लग्नाला गेली होती, चार दिवस सुकी मासळी खाल्ली, गोळी चुकवली."

एकशे बासष्ट निघालं. हयवदनांनी वही बघितली. तिच्या नावापुढं त्याच कारणासह लिहिलेलं होतं: ताब्यात नाही.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "हे का लिहिलं? आकडा कमी लिहिला असतात, तर टक्का वर गेला असता."

"आणि तिला काय झालं असतं?" अंबुबाईनं विचारलं. "टक्क्यानं तिचा दाब उतरतो का?"

साहेबांनी पेन उचललं आणि आणखी तिघांचा दाब मोजला. मग म्हणाले, "दहा झाले. पाच जण वस्तीत नाहीत. त्यांचं काय?"

अंबुबाईनं फोन काढला. शिवमोग्ग्याकडं गेलेली टोळी एका झाडाखाली सापडली. तीन माणसं, मशीन मध्ये, एकमेकांना पट्टा बांधून आकडा कॅमेऱ्यासमोर धरत होती. चौथी बाई नागपुरात होती, तिनंही आकडा दाखवला. आणि पाचवा, चंदन, देवनहळ्ळीला विमानतळावर रांगेत उभा होता, आफ्रिकेला निघालेला.

"साहेब, लवकर बोला," तो फोनमध्ये कुजबुजला. "मघाशी इथल्यांनी मशीन काढून विचारलं, हे काय? मी त्यांच्यातल्या एकाचा दाब मोजून दाखवला, तेव्हा सोडलं."

"तुझ्या गोळ्या कुठायत?" हयवदनांनी विचारलं.

त्यानं खांद्यावरची लहान पिशवी उघडून कॅमेऱ्यापुढं धरली. नव्वद दिवसांच्या गोळ्या, वर पिवळं कार्ड. "पेटी मोठ्या सामानात गेली. या हातात ठेवल्यात. अक्का म्हणते, तेल हरवलं तर दुसरं बनवता येईल."

पहिल्यांदाच हयवदनांच्या ओठांचा कोपरा हलला. त्यांनी फोन परत केला आणि वळून बघितलं, तेव्हा त्यांना गर्दीच्या कडेला धुळीनं माखलेली शिवलीला दिसली.

"सिस्टर, तुम्ही कधी आलात?"

"आत्ताच, सर."

"बैठकीत मी जे बोललो, ते चाळीस जणांसमोर बोललो," ते म्हणाले. "ते परत घेईन तेही चाळीस जणांसमोरच. पुढच्या बैठकीला या. आणि यांनाही आणा." त्यांनी अंबुबाईकडं बघून मान झुकवली. "जंगलाच्या कडेनं इरुळिगा आदिवासींच्या अकरा वस्त्या आहेत. तिथंही असाच लाल शेरा आहे. तो कसा खोडायचा, हे आम्हाला कोणीतरी शिकवायला हवं."

साहेबांची गाडी निलगिरीच्या रांगेपलीकडं गेली आणि वस्तीत एकच कल्ला उठला. कोणी ताट बडवायला लागलं, कोणी शिट्ट्या मारल्या. यल्लव्वानं शिवलीलाला मिठीच मारली. हायकोर्ट काठी टेकत उठला, डावा हात खांद्यापर्यंत उचलला, सगळ्यांना दिसेल असा. शिवलीलाचे डोळे भरून आले. ते पुसायला लागली, तर तोंडभर लाल माती फासली गेली, आणि बायका तिला बघून अजूनच हसल्या.

पुढच्या बैठकीत हयवदनांनी शब्द पाळला. उभं राहून, नाव घेऊन, चार वाक्यांत. मग म्हणाले, "आता अंबुबाई बोलतील," आणि स्वतः पहिल्या रांगेत जाऊन बसले.

अंबुबाई जांभळं लुगडं नेसून, गळ्यात स्वतः ओवलेल्या माळा घालून आली होती. समोर तालुक्यातल्या बेचाळीस नर्सा. तिला कोणीतरी माइक दिला. तिनं तो बघितला आणि टेबलावर ठेवून दिला.

"तुम्ही सगळ्या शिकलेल्या," ती म्हणाली. तिचं कन्नड त्या सभागृहात शेवटच्या भिंतीपर्यंत पोचलं. "मी एकच गोष्ट सांगते, मला शिवलीलानं शिकवली ती. माणूस उन्हातनं चालत येतो, घाबरलेला असतो, तुम्ही बोलत बोलत लगेच पट्टा बांधता. मग आकडा खोटा निघतो आणि शेरा मात्र त्या माणसावर पडतो. आधी त्याला बसवायचं. पाच मिनिटं गप्प. त्यानंही गप्प आणि तुम्हीही गप्प. चला, आता सगळ्या गप्प बसा. साहेब, तुम्हीसुद्धा. पाय खाली टेका."

हयवदनांनी पाय खाली टेकले. डॉक्टर श्यामलांनी फोन पर्समध्ये टाकला. तिसऱ्या रांगेत शिवलीलानं पाठ खुर्चीला टेकवली.

ज्या सभागृहात कायम आकड्यांवरून वादावादी चालायची, तिथं पाच मिनिटं पंख्यांशिवाय दुसरा आवाज नव्हता. पक्षी विकणाऱ्यांची लेक पुढं उभी होती, कमरेवर हात ठेवून, एकेकीकडं बघत, कोणी हलतंय का ते.

"हं," शेवटी अंबुबाई म्हणाली. "आता हात पुढं करा."

बेचाळीस हात पुढं आले.